शेरी कास्क पहिल्यांदा उघडताना

शनिवारी चौघं शेरी कास्क, म्हणजे शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेली स्कॉच व्हिस्की घेऊन बसणार आहात ना, मग आधी एक कर: लसूण शेव टेबलावरून उचल. इंदुरात शेवेशिवाय बैठक म्हणजे अपमानच, मान्य. पण लसणापुढे बारा वर्षं मुरलेल्या ग्लेनड्रोनॅक १२ ची मनुका-खारकेची गोडी टिकत नाही. भाजलेले बदाम, अंजीर ठेव. शेव नंतर, पोटभर. उदबत्तीही नको.

ग्लास वर निमुळता हवा. ३० मिली पुरे. नाक एकदम आत खुपसू नकोस, तोंड किंचित उघडं ठेवून हुंग; नाहीतर नुसतं अल्कोहोल झोंबेल. पहिल्या घोटाने जीभ सरावते, मत दुसऱ्यानंतर दे. मग ड्रॉपरने साध्या पाण्याचे दोन-चार थेंब. अॅबरलोर अबूना ही शेरी कास्क स्कॉच असेल तर थोडं जास्त घाल, तिच्यात अल्कोहोल ६० टक्क्यांच्या आसपास असतं. बर्फ नको, गंध दबतो.

रंगाला भुलू नकोस, स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. पिंप ओलोरोसो शेरीचं की पेड्रो हिमेनेझचं, ते लेबलवर बघ. ओलोरोसो कोरडी, अक्रोडाच्या अंगाची. पेड्रो हिमेनेझ उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, घट्ट गोड. आणि हो, आजची बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरी भरून मुरवलेली असतात. जहाजातून शेरी वाहून आणलेल्या पिंपांच्या गोष्टी कुणी रंगवून सांगू लागला तर त्याचा ग्लास भर, वाद घालू नकोस.

सोबत स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट माल्ट व्हिस्की असेल तर ती सगळ्यात शेवटी. परतायला कॅब आधीच ठरवून ठेवा.