पहिलंच जहाज ‘व्हिक्टरी’? जरा थांबा

लाकडी जहाजाची प्रतिकृती पहिल्यांदाच बांधताय आणि त्यासाठी ‘व्हिक्टरी’चा संच घेतलात, छान केलंत. पण तो खोका सध्या माळ्यावर ठेवा. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं हे जहाज 104 तोफांचं. 1:72 प्रमाणात नुसता तोफांचा मजलाच जवळपास 79 सेंमी भरतो, शिवाय दोऱ्यांचं जाळं. आधी एका डोलकाठीचं, दहा-बारा तोफांचं ‘कटर’ जातीचं लहान जहाज बांधा. हात त्यावर बसतो.

सुरुवातीला सगळा जीव सांगाड्यात ओता. फासळ्या कण्याशी गुण्यात, म्हणजे काटकोनात हव्यात. मग एक पातळ पट्टी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत फासळ्यांवर टेकवून उजेडासमोर धरा. फट दिसली की शेजारच्या उंच फासळ्या पॉलिशपेपरने घासा. पुन्हा धरा, पुन्हा घासा. माझे यात चार-पाच रविवार जातात, आणि ते वाया जात नाहीत.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- सांगाड्यावर बसवायच्या लाकडी पट्ट्या एकाच बाजूला सलग लावणं. माझं पहिलं जहाज असंच पिळलं, ते सरळ झालंच नाही. डावीकडे एक, मग उजवीकडे एक.
- कोरडी पट्टी वाकवणं. ती नाळेपाशी हमखास मोडते. आधी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा.
- सागाचा हट्ट. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका 1817 मध्ये मुंबईत सागाचीच बांधली गेली, खरंय. पण एवढ्या लहान आकारात सागाचे रेषे ढोबळ दिसतात. शिवण झाडाचं लाकूड घ्या.

तळाचे तांब्याचे पत्रे, शिडं, दोरकाम यांचा विचार आत्ता नको. सांगाडा उभा राहिला की फोटो दाखवा, पुढचं तेव्हा बोलू.