धुऱ्यावरची लाल पानांची दुधी

दादा, तुम्ही विचारलंय की सोयाबीनच्या धुऱ्यावर कंबरेएवढं वाढलेलं, शेंड्याला लाल पानं आलेलं हे झाड नर्सरीतलं पॉइन्सेटियाच का, आणि अंगणात लावलं तर चालेल का.

पॉइन्सेटिया नाही, पण त्याच्याच भावकीतलं. माझ्या मते युफोर्बिया सायथोफोरा, म्हणजे जंगली पॉइन्सेटिया. दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. पॉइन्सेटियाचं झुडूप वर्षानुवर्षं राहतं, खोड लाकडी होतं आणि वरची पानं अख्खी लाल होतात. तुमच्या फोटोत लाली फक्त पानाच्या बुडाशी आहे, टोकं हिरवीच. शिवाय हे एका हंगामाचं झाड, बी धरलं की वाळून जातं. लाल माठाची शंका असेल तर पान तोडून पाहा. माठाला चीक नसतो, याला पांढरा दुधासारखा निघतो.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका, मी एकदा फसलोय. आपल्या सोयाबीन-पऱ्हाटीत जी मोठी दुधी तण म्हणून माजते (युफोर्बिया हेटेरोफायला, जुन्या पुस्तकांत जेनिक्युलाटा), तिच्याही शेंड्याच्या पानांना बुडाशी कधी पांढरट, कधी जांभळट छटा येते. पानाच्या आकारावरही भरवसा नको. दोघींच्याही एकाच झाडावर एक पान साधं लांबट, तर दुसरं मधेच आवळलेलं, सारंगीसारखं. हेटेरोफायलाचा अर्थच मुळी वेगवेगळ्या पानांची.

खरी खूण शेंड्यावरच्या बारक्या हिरव्या पेल्यांत आहे. आपण फूल समजतो ती लाल पानंच. खरी फुलं या पेल्यात असतात. पेल्याच्या कडेला पिवळसर मधाची गाठ दिसेल, बहुतेक एकच. मुंग्या तिथेच घुटमळतात. शाळेतलं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे धरा. गाठीचं तोंड चपटं, दोन ओठ मिटल्यासारखं असेल तर सायथोफोरा. गोल, नरसाळ्यासारखं असेल तर मोठी दुधी.

अंगणात लावायचं म्हणाल तर माझा अनुभव ऐका. एक फांदी मी टेबलावर कागदात ठेवली होती. दुपारी टच्‌ टच्‌ आवाज यायला लागला. फळ तीन फाकींचं, प्रत्येकीत एक बी. वाळलं की फुटून बी दूर उडतं. फडताळामागूनही बिया निघाल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात पायरीच्या फटीत रोपं उगवली. घरची मंडळी अजून टोमणे मारतात.

ठेवायचंच असेल तर एखादं झाड कुंडीत ठेवा, फळं हिरवी असतानाच खुडा. धुऱ्यावरची बाकी सगळी झाडं फळं धरायच्या आधी उपटा. डवरा तिथे पोचत नाही, हातानंच काढावी लागतील. निंदताना चिकाचा हात डोळ्याला लावू नका, फार झोंबतो. लागलाच तर भरपूर पाण्यानं धुवा आणि आग थांबली नाही तर दवाखान्यात जा. शेळ्यांपुढेही टाकू नका.

पेल्याचा जवळून फोटो टाका, मग पक्कं सांगतो.