रेटिक काउंटमधली निळी जाळी

प्रश्न : सुनेच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आठवड्याभरानं डॉक्टरांनी ‘रेटिक काउंट’ करायला सांगितला. लॅबमधला मुलगा म्हणाला, यात पेशींतला आरएनए दिसतो. हे नाव मी करोनाच्या लशींच्या वेळी ऐकलं होतं. तो सुनेच्या रक्तात कुठून आला?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजोबा, काळजी सोडा. आरएनए तिच्या पेशींनीच तयार केलाय. मुलगा खरं तेच बोलला, पण अर्धं सांगून पुढच्या पेशंटकडे वळला असणार. सकाळच्या गर्दीत आम्हीही तेच करायचो.

तांबडी पेशी अस्थिमज्जेत वाढते आणि रक्तात उतरण्याआधी आपलं केंद्रकच बाहेर टाकते. म्हणजे हिमोग्लोबिन कसं बांधायचं ही माहिती ज्यात असते, तो डीएनए गेला! तरी ही कोवळी पेशी (रेटिक्युलोसाइट; ‘रेटिक काउंट’ म्हणजे अशाच पेशींची मोजणी) आणखी एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवतच राहते. कशाच्या जोरावर? डीएनए होता तेव्हा उतरवून ठेवलेल्या आरएनएच्या प्रतींवर. जिवाणूंमध्ये अशा प्रती काही मिनिटांत तुटतात. या मात्र चिवट. शेवटी त्याही संपतात, आणि पेशी साधारण १२० दिवसांचं उरलेलं आयुष्य नवं प्रथिन न बनवता काढते.

ताज्या रक्तात न्यू मिथिलीन ब्लू मिसळून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं, की कोवळ्या पेशींतला आरएनए गोळा होऊन निळी जाळी दिसते. नोकरीत मी हजारो काचपट्ट्या पाहिल्या, पण ही जाळी दिसली की अजून मजा वाटते. त्यात बहुतांश असतो रायबोसोमचा आरएनए. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बांधणारं यंत्र, आणि त्यात अमिनो आम्लांचा सांधा जोडण्याचं मुख्य काम आरएनएच करतो. प्रती पोचवण्यापुरता तो नाही, हे शाळेत कुणी नीट सांगत नाही. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन आपल्या सयाजीराव विद्यापीठाचे, १९७१ चे बी.एस्सी. तेही भौतिकशास्त्राचे!

मोठ्या माणसांत अशा कोवळ्या पेशी साधारण अर्धा ते अडीच टक्के असतात. गोळ्या सुरू केल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात आकडा चढला, तर मज्जा कामाला लागली असं समजा. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा आणि चहाबरोबर देऊ नका. चहानं लोह अंगी कमी लागतं.