दर शास्त्रज्ञामागे किती पैसा?

देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्केच खर्च करतो, तरी दर संशोधकामागच्या खर्चात आपण ब्रिटनच्याही पुढे, असं वाचलं. हे कसं काय? – प्राध्यापक, बीड

सर, दोन्ही आकडे सरकारी अहवालांतलेच आहेत. दुसरा खरेदीशक्तीच्या हिशेबानं, म्हणजे त्या त्या देशात तेवढ्या पैशात किती येतं ते धरून काढलेला. आपल्याकडे दहा लाख लोकांमागे संशोधक जेमतेम 262. छेद लहान, म्हणून भागाकार फुगतो. शिवाय अंशात संरक्षण, अवकाश, अणुऊर्जा यांचा मोठा खर्च असतो. 2020-21 मध्ये देशाचा एकूण खर्च 1 लाख 27 हजार कोटींचा होता, त्यात उच्च शिक्षणाचा वाटा 8.8 टक्के. दहा वर्षांत एकूण रक्कम दुपटीहून वाढली, जीडीपीतला वाटा मात्र घटला.

म्हणून ही सरासरी तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला लावू नका. आमच्या विभागात एकदा स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, म्हणजे नमुन्यातून प्रकाश सोडून तपासणी करणाऱ्या यंत्राचा, दिवा गेला. यंत्र लाखोंचं, दिवा काही हजारांचा. पण देखभालीसाठी तरतूदच नव्हती. सहा महिने यंत्रावर कापड टाकलेलं. एक विद्यार्थिनी नमुने बर्फाच्या थर्मासमध्ये घालून रात्रीच्या एसटीनं पुण्याला न्यायची. मला अजून तो थर्मास दिसतो.

जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, महिना 37,000 झाली. म्हणजे संशोधनावरचा खर्च वाढलाच ना? – संशोधक विद्यार्थी, परभणी

2010 मध्ये 16,000, 2014 मध्ये 25,000, 2019 मध्ये 31,000, 2023 पासून 37,000. वाढ हवीच होती. पण हे तुमच्या पोटापाण्याचे पैसे. रसायनं, काचसामान, शेतावरचे प्रयोग यांचा खर्च वेगळा. त्यातच जुलै 2022 मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची फक्त 5 टक्के जीएसटी लावण्याची सवलत काढली गेली आणि अनेक वस्तूंवर 18 टक्के लागू झाला. अनुदान तेवढंच राहिलं, तर त्यात सामान कमी येतं.

अमेरिकेत तरी पैसा सतत वाढत असेल? – वाचक, लातूर

नाही. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं अंदाजपत्रक 1998 ते 2003 मध्ये दुप्पट झालं. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसं घेतली. पुढची दहा वर्षं वाढ महागाईला पुरली नाही आणि अर्जदार मात्र वाढलेले. सर्वांत जास्त होरपळले ते नवे संशोधक.

आम्हा शेतकऱ्यांना याचं काय? – हिंगोली

दादा, मर आणि वांझ रोगाला दाद न देणारं बीएसएमआर 736 तुरीचं वाण बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं. असं वाण एका हंगामात होत नाही. वर्षानुवर्षं तेच प्लॉट, तीच नोंदवही, तोच माणूस लागतो. मध्येच दोन वर्षं पैसा अडला, तर साखळी तुटते.

आमच्या विद्यापीठाचा दर अध्यापकामागच्या संशोधन-पैशाचा आकडा कसा काढू? – छत्रपती संभाजीनगर

एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीला, दिलेली माहिती संकेतस्थळावर असते. त्यातली बाहेरून मिळालेल्या संशोधन प्रकल्पांची रक्कम अध्यापकसंख्येनं भागा. जुने आकडे वार्षिक अहवालांतून घ्या. इमारत आणि पगार धरू नका, आणि प्रत्येक वर्षाची रक्कम महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकानं एका पातळीवर आणा.