अष्टपैलू खेळाडूचे मोल

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फँटसी संघात, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळवणाऱ्या कागदी संघात, मैदानावर कुठेही खेळू शकणाऱ्या खेळाडूला किती पैसे मोजावेत, हा तुझा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची येथे पहिली चूक होते, कारण अष्टपैलू म्हटले की आपण मनातल्या मनात त्याला जादा गुण देऊन टाकतो. क्रिकेटमध्ये ते योग्यच आहे, कारण तेथील अष्टपैलू एकाच सामन्यात फलंदाजीचेही गुण मिळवतो आणि गोलंदाजीचेही. फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, मात्र माणूस एका वेळी एकाच जागी असतो. वीस-वीस मिनिटांच्या चार सत्रांपैकी जो वेळ त्याने गोलसमोर वाट पाहण्यात घालवला, तो मधल्या फळीत चेंडू मिळवण्याच्या वेळातून वजा होतो.

जिलाँग क्लबच्या मार्क ब्लिकाव्ह्सचा विचार कर. ३००० मीटर स्टीपलचेसमधून फूटीत आलेला हा उंच गडी २०१३ पासून रक (उंच उडी घेऊन चेंडू सहकाऱ्यांकडे ढकलणारा), विंग (मैदानाची कड) आणि बचाव अशा सर्व जागी खेळला. क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्याला २०१५ आणि २०१८ अशा दोन वर्षी मिळाला आणि २०२२ च्या विजेत्या संघातही तो होता. प्रशिक्षकाच्या दृष्टीने असा माणूस अमूल्य आहे. पण प्रतिस्पर्ध्याच्या उंच फॉरवर्डला दिवसभर थोपवून धरण्याला आणि त्याच्यापर्यंत येणारा चेंडू ठोसा मारून उडवण्याला एएफएल फँटसी या खेळात एकही गुण नाही. तेथे किकला ३, हँडबॉलला (मुठीने चेंडू देण्याला) २, मार्कला (किक झेलण्याला) ३, टॅकलला (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला धरण्याला) ४, गोलला ६ आणि रकच्या हिटआउटला (चेंडू सहकाऱ्यांकडे ढकलण्याला) १ असा मुख्य हिशेब असतो. सुपरकोच या दुसऱ्या फँटसी खेळाची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक सामन्याचे ३३०० गुण खेळाडूंमध्ये वाटले जातात आणि झुंजून मिळवलेल्या चेंडूला अधिक वजन असते. त्यामुळे आपण कोणत्या खेळाचा संघ निवडत आहोत हे आधी निश्चित कर, मग खेळाडूची किंमत ठरव.

आता मुख्य गोष्ट. फँटसीच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे लिहिलेली जागा आणि तो प्रत्यक्षात खेळतो ती जागा या दोहोंतील अंतरातच खरा नफा दडलेला असतो. नॉर्थ मेलबर्नचा हॅरी शीझल २०२३ मध्ये फॉरवर्ड म्हणून यादीत आला, पण त्याला हाफ-बॅकला, म्हणजे मागच्या फळीत, खेळवण्यात आले. पहिल्याच सामन्यात किक आणि हँडबॉल मिळून त्याने ३४ वेळा चेंडू पुढे दिला, आणि त्या वर्षीचा रायझिंग स्टार हा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. फॉरवर्डच्या रकान्यात राहून बचावपटूचे गुण कमावणारा असा खेळाडू हाती लागणे म्हणजे घबाडच! मागच्या फळीत सहकाऱ्याची किक निवांत झेलली की मार्कचे ३ आणि ती पुढे धाडली की किकचे ३, असे सहा गुण कोणतीही झटापट न करता मिळतात.

याच कारणाने वर्षभराच्या सरासरीवर मी फारसा विसंबत नाही. समज, एखादा खेळाडू गेल्या हंगामात वीस सामने खेळला. त्यांपैकी आठ हाफ-बॅकला १०५ च्या सरासरीने आणि बारा फॉरवर्ड म्हणून ७० च्या. एकूण सरासरी ८४ येते आणि नव्या हंगामातील किंमतही तिच्याच आधारे ठरते, पण ८४ गुणांचा खेळाडू प्रत्यक्षात कोठेच अस्तित्वात नाही. यंदा तो हाफ-बॅकलाच राहणार असेल तर तो स्वस्त आहे, आणि पुन्हा पुढे जाणार असेल तर महाग. म्हणून त्याचे सामने जागेनुसार वेगळे काढ, मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना तो तेथे किती वेळा उभा होता ते पाहा, आणि त्याला जागा बदलावी लागली ती कोणाच्या दुखापतीमुळे हेही तपास. तो जखमी सहकारी परतला की तुझा खेळाडू बहुधा जुन्या जागी जाईल.

दोन जागांची मुभा असलेल्या खेळाडूमुळे आयत्या वेळी कोणी संघाबाहेर गेल्यास फळ्यांमध्ये अदलाबदल करता येते, हे खरे आहे. परंतु ज्याचा सामना सुरू झाला तो हलवता येत नाही, त्यामुळे गुरुवारी खेळून मोकळा झालेला खेळाडू रविवारच्या अडचणीत उपयोगी पडत नाही. या सोयीसाठी मी फार तर दोन-तीन गुणांइतके जादा मोल देईन. ९५ च्या सरासरीचा खेळाडू मिडफिल्डरांत सामान्य ठरतो आणि फॉरवर्डांत पहिल्या ओळीत बसतो, त्याला फॉरवर्डच्या रकान्यात घेता येत असेल तर मात्र मी मोकळ्या हाताने पैसे देईन.

तू विचारलेल्या खेळाडूविषयी आताच होकार देऊ नकोस. हंगामापूर्वीच्या सरावसामन्यात तो पहिल्या सत्रात कोठे उभा राहतो ते पाहा आणि मला कळव. तोवर त्याच्या जागेचे पैसे शिल्लक ठेव.

तुझा,
काका