टार्गेटिंगचा नियम राहू द्या, शिक्षेचं गणित बदला

'अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंगसाठी खेळाडूला थेट बाहेर काढतात, हा अन्याय नाही का? हा नियमच रद्द करायला नको का?' असं तुम्ही विचारलंय. नियम रद्द करू नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शिक्षा मात्र बदलायला हवी, आणि निर्णय कशावरून दिला ते पंचांनी सांगायला हवं. मी ओहायोत राहतो आणि इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे सामने वर्षानुवर्षं बघतो. या संघाला या नियमाचे चटके दोन्ही बाजूंनी बसलेत.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टार्गेटिंगच्या नियमात बंदी दोन गोष्टींना आहे. हेल्मेटचा माथा पुढे करून कुणालाही जोरात धडकायचं नाही. आणि जो स्वतःला सावरू शकत नाही, म्हणजे झेल घेत असलेला रिसीव्हर किंवा चेंडू फेकत असलेला क्वार्टरबॅक, त्याच्या डोक्यावर वा मानेवर हेल्मेट, खांदा, कोपर कशानेही आघात करायचा नाही. 15 यार्डांचा दंड, म्हणजे चेंडू तेवढा समोरच्या संघाच्या फायद्याच्या दिशेने सरकवणं, 2008 मध्ये आला, बाहेर काढणं 2013 पासून. पहिल्या हाफमध्ये सापडलात तर उरलेला सामना गेला. दुसऱ्या हाफमध्ये सापडलात तर उरलेला सामना आणि पुढच्या सामन्याचा पहिला हाफही गेला, अशी तेव्हा ठरलेली शिक्षा.

आता माथ्याबद्दल एवढी कडक भूमिका का, ते समजून घ्या. आपली मान ताठ असते तेव्हा तिच्यात थोडासा बाक असतो आणि तो धक्का पचवतो. खेळाडूने मान खाली घातली, की तो बाक सरळ होतो आणि मणके एका रेषेत येतात. मग माथ्यावर बसलेला दणका स्नायूंमध्ये न जिरता थेट मणक्यांवर उतरतो. मान मोडते ती अशी, आणि बऱ्याचदा मारणाऱ्याचीच मोडते. टणक हेल्मेट आली तशी मुलं डोकं हत्यारासारखं वापरायला लागली होती. 1976 मध्ये डोकं पुढे करून टॅकल करण्यावर बंदी आली आणि त्यानंतर मानेखालचं शरीर लुळं पाडणाऱ्या दुखापती झपाट्याने घटल्या. 'खेळ मिळमिळीत झाला' असं कुणी म्हणालं, की मला हे आठवतं. 1905 सालीही हेच बोललं जात होतं. तेव्हा मैदानावर मुलं मरत होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं होतं. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी आजची एनसीएए त्याच धामधुमीतून उभी राहिली.

मग लोक चिडतात कशावर? माझ्या मते नियम एक गोष्ट तपासतो आणि प्रेक्षक दुसरीच बघतो. प्रेक्षकाला आडवा पडलेला खेळाडू दिसतो. नियम मात्र किती लागलं हे विचारतच नाही, टक्कर कशी झाली एवढंच विचारतो. 2022 च्या पीच बोलमध्ये ('बोल' म्हणजे हंगामाअखेरचा मोठा सामना) ओहायो स्टेटचा रिसीव्हर मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यात, असा आपटला की पुन्हा मैदानात उतरलाच नाही. पंचांनी टार्गेटिंग दिलं, रिप्लेने, म्हणजे व्हिडिओ बघून केलेल्या फेरतपासणीने, ते फिरवलं. समोरच्या जॉर्जियाने सामना 42-41 असा एका गुणाने जिंकला. उलट 2019 च्या फिएस्टा बोलमध्ये ओहायो स्टेट 16-0 ने पुढे असताना त्यांच्या शॉन वेडने क्लेमसनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला पाडलं. रिप्ले पाहून वेडला बाहेर काढलं आणि सामना तिथून फिरला. क्लेमसन 29-23 ने जिंकलं. पुस्तकाप्रमाणे वेडचा निर्णय मला पटतो, कारण त्याचं हेल्मेट खाली होतं. पण लॉरेन्स थोड्या वेळाने परत खेळायला आला आणि हॅरिसन आला नाही, हे समोर बसलेल्या माणसाच्या गळी कसं उतरवणार?

1 जानेवारी 2025 चा पीच बोल तर अजून खुपतो. टेक्सस आणि ॲरिझोना स्टेट 24-24 वर होते आणि चौथ्या क्वार्टरची शेवटची मिनिटं चालू होती. टेक्ससचा मायकेल टॅफ झेल घेतलेल्या मेलक्वान स्टोव्हलवर समोरून आदळला, हेल्मेटला हेल्मेट लागलं. टार्गेटिंग दिलं असतं तर ॲरिझोना स्टेटला 15 यार्ड आणि नवा फर्स्ट डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या नव्या संधी, मिळाल्या असत्या. रिप्ले बघून 'टार्गेटिंग नाही' असं जाहीर झालं आणि त्यांना पंट करावं लागलं, म्हणजे लाथ मारून चेंडू टेक्ससला देऊन टाकावा लागला. दोन ओव्हरटाइमनंतर टेक्सस 39-31 ने जिंकलं. मला तो फाउलच वाटतो. माझं चुकत असेलही, पण कुठला निकष पूर्ण झाला नाही हे त्या वेळी सांगितलं असतं तर निदान त्यावर बोलता आलं असतं.

पंचांना दोष देणंही मला जमत नाही. मैदानावर आठ पंच असतात, बहुतेकांची पोटापाण्याची नोकरी वेगळी असते. पूर्ण वेगात दोन शरीरं एकमेकांवर आदळतात आणि त्यांना क्षणात ठरवायचं असतं. त्यात रिसीव्हर शेवटच्या क्षणी वाकला, तर पोटाकडे निघालेला खांदा तोंडावर जातो. शिवाय पंच नेमतात त्या-त्या कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट, त्यामुळे एकाच धडकेकडे बघायची नजर सगळीकडे सारखी नसते.

शिक्षेतला खरा घोळ घड्याळाचा आहे. पहिल्याच मिनिटात सापडलेला अख्ख्या सामन्याला मुकतो. दुसरा क्वार्टर संपता संपता सापडलेल्याचा फक्त अर्धा सामना जातो. 2013 च्या नियमाप्रमाणे तीच चूक हाफटाइमनंतर लगेच केली, तर उरलेला अर्धा आणि पुढच्या सामन्यातला अर्धा. चूक तीच, पण कुणाला साठ मिनिटं आणि कुणाला तीस! हे मला अजिबात पटत नाही.

माझं म्हणणं असं, की दोन पायऱ्या करा. वाकलेल्या रिसीव्हरला चुकून लागलं तर 15 यार्ड घ्या आणि मुलाला खेळू द्या. डोकं खाली घालून किंवा उडी घेऊन जो धडकला, त्याला बाहेर काढा, मग समोरच्याला लागो वा न लागो. कॉलेज बास्केटबॉलमध्ये फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर, फाउलच्या अशा दोन पायऱ्या आहेत आणि त्यावर कुणाची फारशी तक्रार नसते. पुढच्या सामन्यावरची शिक्षा पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्यांसाठी ठेवावी.

आणि रिप्लेच्या खोलीत काय बोलणं झालं ते लोकांना ऐकू द्यावं. 2025 च्या हंगामात एसीसी कॉन्फरन्सने काही सामन्यांत हे टीव्हीवर थेट ऐकवायला सुरुवात केली. विजेतेपद ठरवणाऱ्या प्लेऑफच्या सामन्यांत तर ते सगळ्यात आधी सुरू व्हायला हवं.