योरुबातला 'नि' म्हणजे मराठीतला 'च' का?

प्रश्न : मराठीत एखाद्या शब्दावर भर द्यायचा असला, की आपण त्याला 'च' जोडतो किंवा बोलताना तो ठासून उच्चारतो. नायजेरियातील योरुबा भाषेत हे काम 'नि' हा शब्द करतो, असे वाचनात आले. 'नि' म्हणजे त्यांचा 'च' समजावा का?

उत्तर : तसे समजणे फसवे ठरेल. 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याला जागेवरून हलवत नाही. 'नि' मात्र वाक्याची मांडणीच बदलतो. 'आदे रा इवे' म्हणजे 'आदेने पुस्तक विकत घेतले'. येथे कर्ता, क्रियापद आणि कर्म असा क्रम आहे. भर पुस्तकावर असेल, तर कर्म उचलून सर्वांच्या आधी ठेवतात आणि त्यामागे 'नि' येतो : 'इवे नि आदे रा', म्हणजे जवळपास 'आदेने घेतले ते पुस्तक'. भर कर्त्यावर असेल, तर 'नि'नंतर त्याची रिकामी जागा 'ओ' हे सर्वनाम भरून काढते : 'आदे नि ओ रा इवे'.

देवनागरीत न दिसणारी एक गंमतही यात आहे. हा 'रा' मुळात खालच्या सुरातला. पुढे नाम कर्म म्हणून आले, की तो मधल्या सुरात चढतो आणि कर्म वाक्यारंभी गेले, की पुन्हा खाली उतरतो.

क्रियापदावर भर देण्याची रीत मला सर्वांत सुंदर वाटते. 'रीरा नि आदे रा इवे' या वाक्यात 'रा'चे पहिले व्यंजन 'ई' लावून दुणावले, त्यातून झालेले नाम पुढे आणले आणि मूळ क्रियापद जागच्या जागी ठेवले. अर्थ असा, की पुस्तक विकत घेतले, उसने आणले नाही. येथे मराठीत 'घेतलेच' म्हणून भागत नाही, कारण त्यात हट्टाची छटा येते.

शिवाय 'कोणी घेतले?' याला आपण नुसते 'आदेने' म्हणतो. 'आदेनेच' म्हटले, तर कोणाच्या तरी शंकेला उत्तर दिल्यासारखे होते. योरुबात 'ता नि ओ रा इवे?' या प्रश्नातच 'नि' असतो आणि 'आदे नि' या साध्या उत्तरातही तो येतो.

राहिला ठासून उच्चारण्याचा मुद्दा. योरुबात सुरावर शब्दाचा अर्थ ठरतो : 'ऑकॉ' दोन्ही स्वर मधल्या सुरात म्हटले तर नवरा, शेवटचा स्वर चढवला तर कुदळ आणि उतरवला तर वाहन. त्यामुळे भर देण्यासाठी सूर मनाजोगा चढवण्याची मुभा तेथे मराठीइतकी नाही.